परातीतली जीप

त्या दिवाळीत आमच्या घरात एकही परात मोकळी नव्हती. एकीत जीपचे नट-बोल्ट रॉकेलमध्ये भिजत पडले होते, दुसरीत स्टिअरिंगच्या पेटीतले छर्रे होते, आणि आईनं माहेराहून आणलेल्या पितळी परातीत ग्रीसनं माखलेलं असं काहीतरी होतं की त्याचं नाव मला आजही सांगता येणार नाही आणि शिकायची इच्छाही नाही. चिवडा शेवटी आम्ही पाट धुऊन, त्यावर वर्तमानपत्र पसरून कालवला. त्यालाही रॉकेलचा वास लागलाच. बाबांनी वाटीभर खाल्ला, विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाले, "यंदा मीठ बरोबर पडलं." मी अठरा वर्षांची होते. अठराव्या वर्षी माणसाला राग फार येतो म्हणतात. मला सत्तरीतही येतो, तेव्हा तो वयाचा दोष नसावा.

बाबा पाटबंधारे खात्यात ट्रेसर होते. साहेबांनी काढलेले कालव्यांचे नकाशे मेणकापडावर उतरवून घ्यायचे, हे त्यांचं काम. हात असा की केसाएवढी रेघ इकडची तिकडे जायची नाही. त्यांच्या हपिसात एक पद्धत होती. नकाशात चूक सापडली की ती लाल पेन्सिलीनं दुरुस्त करायची आणि ज्याची चूक असेल त्यानंच शेजारी आपलं इनिशल मारायचं. दुसऱ्यानं मारलेलं चालत नसे. ही पद्धत बाबांनी घरी आणली होती. वरणात मीठ जास्त झालं की ते ताटावरूनच विचारायचे, "इनिशल कोण मारते?" मग आई किंवा मी हवेत बोट फिरवायचो आणि जेवण पुढे चालायचं. पाहुण्यांना हे फार गमतीचं वाटे. रोज ऐकणाऱ्याला किती गमतीचं वाटेल ते तुम्हीच ठरवा. मात्र एक खरं सांगते, स्वतःची चूक असली की बाबा सगळ्यात आधी बोट फिरवायचे.

तर जीप. आई सरकारी दवाखान्यात नर्स होती आणि त्या वर्षी तिची बदली धमतरीच्या रस्त्यावर, मुख्य सडकेपासून बरंच आत असलेल्या एका गावी झाली. बस फाट्यापर्यंत जायची. पुढचा कच्चा रस्ता पायी, नाहीतर कुणाच्या बैलगाडीतून. दिवाळी झाली की तिला तिथं रुजू व्हायचं होतं. रोज जाणं-येणं जमलं तर ठीक, नाहीतर तिथल्याच खोलीत राहायचं. आणि आई तिकडे राहिली तर चौबे कॉलनीतल्या आमच्या घरात पाणी भरायला, स्वयंपाकाला, बाबांच्या डब्याला कोण? मी. माझं बी.एस्सी.चं पहिलं वर्ष होतं आणि प्रॅक्टिकल सकाळी सातला असायचं. म्हणजे कॉलेज बंद. हे कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं, पण तिघांनाही माहीत होतं. बाबांनी मग आपल्या स्वभावाला न शोभणारी एकच गोष्ट केली. एका सरकारी लिलावातून जुनी, चारही चाकांना जोर लागणारी जीप उचलून आणली. सकाळी आईला सोडायचं, साडेदहाला हपिसात हजर, संध्याकाळी पुन्हा आणायला जायचं. मला म्हणाले, "तुझं कॉलेज सुटत नाही, पमे. मी आहो ना." त्या वाक्यावर मी पंधरा दिवस सुखात झोपले.

जीप घरी आली तेव्हा चांगली चालत होती. हे मी मुद्दाम सांगते आहे. कापडी टप गळका होता, हॉर्न वाजायचा नाही, सुरू करताना म्हशीसारखी हंबरायची, पण वळायची आणि थांबायची. मोठ्या गिअरच्या शेजारी एक लाल मुठीचा छोटा दांडा होता. बाबांनी पहिल्याच दिवशी आम्हा दोघींना समजावलं, "हा मागं ओढला की पुढच्या चाकायलेही जोर लागते. चिखलात, नाल्यात फसली तर. चौबे कॉलनीत आपल्याले याचं काही काम नाही." एवढं सांगून त्यांनी तो विषय आणि दांडा दोन्ही कायमचे डोक्यातून काढून टाकले. स्टिअरिंग जरा ढिलं वाटत होतं म्हणून दसऱ्याच्या आदल्या दिवशी त्यांनी त्याची पेटी पुस्तकात पाहून उघडली, साफ केली, परत बसवली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एखादं यंत्र उघडलं होतं. हात काळे करून ओसरीत आले तेव्हा चेहरा असा की दहावी पास झालेला पोट्टा बरा.

दसऱ्याला जीपची पूजा झाली. मी पहाटेपासून तिला धुतली, बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला, आत गिअरपाशी पूजेचं ताट कसंबसं बसवलं. बाबांचे पानेसुद्धा पाटावर मांडले होते. आईनं पुरानी बस्तीतल्या देवीच्या देवळातून लाल चुनरी आणली होती. ती तिनं त्या छोट्या दांड्याला गुंडाळून घट्ट गाठ मारली आणि हात जोडून सांगितलं, "मी पहिल्यांदा या जीपमधून डूटीवरून सुखरूप वापस आली की मीच सोडीन. तोपर्यंत त्या चुनरीले कोणी हात लावायचा नाही." नवस होता. बाबा काही फार देवभोळे नव्हते, पण आईच्या देवाशी त्यांनी कधी वाद घातला नाही. आम्ही एकमेकांना सोनं दिलं, पुरणपोळी खाल्ली, कटाची आमटी ओरपली. त्या वर्षीचं ते शेवटचं बिनावासाचं जेवण.

दुसऱ्या दिवशी बाबा आईला घेऊन फेरी मारायला निघाले आणि पहिल्याच वळणावर जीपनं आचके दिले. स्टिअरिंग दगडासारखं जड. चाकं चर्रर्र करत फरफटायची, अंगणात वळताना तर गाडी जागच्या जागी उड्या मारायची, जशी कुणी मागून धरून ठेवली असावी. बाबा उतरले, चारही बाजूंनी पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "पेटी बसवताना चुकलो." दोनच दिवसांपूर्वी त्यांनी स्टिअरिंग उघडलं होतं, म्हणजे दोष तिथलाच आणि त्यांचाच. हे इतकं सरळ होतं की त्यांना दुसरं काही सुचलंच नाही. आम्हालाही नाही.

मग सुरू झालं. बाबा हपिसातून यायचे, चहा घ्यायचे, जुना लेंगा चढवायचे आणि जीपखाली शिरायचे. पाय तेवढे बाहेर. पाना आपटल्याचा ठण्ण आवाज, मग शांतता, मग "पमे, बॅटरी धर." प्रत्येक भाग काढला की त्याचं वहीत चित्र काढायचं, बाजूंना अ, ब, क लिहायचं, भागाला चिठ्ठी बांधायची आणि माझ्या स्वयंपाकघरातून एक भांडं न्यायचं. स्टिअरिंगची पेटी तीनदा उघडली. मग ब्रेक चिकटत असतील म्हणून चारही चाकांचे ब्रेक. मग चाकांच्या बेअरिंगा. मग पुढची टायरं मागं, मागची पुढं. प्रत्येक वेळी सगळं बसवून ते फाटकाबाहेर काढायचे, वळणापर्यंत जायचे आणि तोच चर्रर्र आवाज ऐकून मी कणीक तिंबता तिंबता कपाळाला हात लावायची. कपाळाला कणीक लागायची. समोरच्या काकू रोज सांगायच्या, "भैया, भनपुरी ले जाओ, वहाँ मिस्त्री लोग हैं." भनपुरीला ट्रकांच्या मिस्त्र्यांची रांगच्या रांग होती, अर्ध्या तासाचं काम. मीही सांगितलं, आईनंही सांगितलं. बाबांचं एकच, "चूक माझ्या हातची आहे ना? मंग मीच काढीन. दुसऱ्यानं काहून काढायची?" हपिसातला नियम त्यांनी जीपलाही लावला होता. सांगा, अशा माणसाला काय म्हणायचं? भांडखोर बाप परवडला, त्याच्याशी भांडता तरी येतं.

दिवाळी गेली. भाऊबीजेनंतर चौथ्या दिवशी आई लोखंडी पेटी, वळकटी आणि स्टोव्ह घेऊन बसनं गेली. जाताना तिनं जीपमध्ये डोकावून चुनरीला नमस्कार केला. मला म्हणाली, "शनिवारी येत जाईन. बाबाले बोलू नको काही. ते करून राहिले ना." मी बोलले नाही. पाच आठवडे बोलले नाही. पहाटे उठून नळाचं पाणी, पोळ्या, डबा, भांडी, आणि बरोबर सात वाजता, जेव्हा माझ्या वर्गातल्या मुली बेडूक फाडत असतील, तेव्हा मी वांगी चिरत असायची. बाबांना काही खटकत नव्हतं असं नाही. ते डबा घेताना माझ्याकडे पाहायचे नाहीत. पण संध्याकाळी पुन्हा जीपखाली.

सहाव्या शनिवारी आई येणार म्हणून मी पाटवडीचा रस्सा केला होता. आई आली नाही. कुणाचं तरी बाळंतपण अडलं होतं, तसा निरोप आला. आणि त्याच संध्याकाळी माझी वर्गमैत्रीण सांगायला आली की सोमवारी प्रॅक्टिकलला दिसले नाही तर माझं नाव कापणार आहेत. ती गेली. बाबा फाटकात अडकलेल्या जीपखाली होते. त्यांनी आतूनच हाक मारली, "पमे, एक खोलगट भांडं आण." मी रस्स्याचं पातेलं घेऊन गेले. त्यांच्या पायांशी ते पालथं केलं आणि म्हटलं, "हे घ्या. झालं रिकामं." ते सरपटत बाहेर आले. मग मी जे बोलले ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. म्हटलं, "तुमच्या हातानं फक्त कागदावरचे कालवे वाहतात, बाबा. खरं काही होत नाही. जिथं हात लावता तिथं बिघडवता. चांगली गाडी बिघडवली, माझं कॉलेज बिघडवलं. कृपा करून आता कशालेच हात लावू नका." बाबांनी रागवावं असं मला वाटत होतं. त्यांनी आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले, ग्रीसमध्ये रस्सा मिसळला होता. म्हणाले, "खरं आहे तुझं." आणि उघडलेला भाग परत बसवून, पाने पुसून डब्यात ठेवले. रात्री आम्ही दोघं कोरडी पोळी गुळाशी खाऊन उठलो.

दुसऱ्या दिवशी रविवार. जीप अर्धी गल्लीत होती, कारण शेवटच्या फेरीनंतर ती फाटकात वळलीच नव्हती. बाबा पायरीवर नुसते बसले होते. शेजारी घर बांधणं चाललं होतं, तिथं भनपुरीहून विटांचा ट्रक आला आणि अडला. हॉर्न वाजवून वाजवून त्याचा ड्रायव्हर खाली उतरला. बिसाहू नाव त्याचं, नंतर कळलं. बाबांनी उठून सांगितलं, "भैया, गाडी मुड़ती नहीं है. ब्रेक पकड़ रहा है शायद." तो म्हणाला, "चाबी देवव." बसला, सुरू केली, हातभर पुढं नेली, आचका बसला, आणि तो हसायला लागला. "ब्रेक नई धरे हे, बाबूजी. ए त फोर म लगे हे. सुक्खा सड़क म काबर लगाय हव?" ब्रेकचा काही दोष नव्हता; जीप चारही चाकांच्या जोरावर अडकलेली होती. चिखलात ठीक, पण कोरड्या सडकेवर वळताना पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतात, म्हणून ती फरफटते, हे त्यानं बाबांना हातवारे करून समजावलं. मग त्यानं चुनरीला हात जोडले, गाडी थोडी मागे घेतली आणि चुनरीसकट त्या दांड्याला तळहातानं एक फटका दिला. दांडा पुढं गेला. कट्ट. गाठ जशीच्या तशी राहिली. नवसालाही धक्का लागला नाही. मग त्यानं जीप एका दमात वळवून अंगणात घातली. ना चर्रर्र, ना उडी.

तो कट्ट आवाज मी ओळखला. दारात उभी होते, हाताला पीठ. दसऱ्याच्या सकाळी पूजेचं ताट गिअरपुढं बसत नव्हतं. तो मेला दांडा मध्ये येत होता. मी चिडले होते, मी नेहमीच चिडलेली असते, आणि दोन्ही हातांनी तो सीटकडे ओढला होता. तेव्हा हाच आवाज आला होता. ताट छान बसलं. मग आईनं त्यावर चुनरी बांधली.

बिसाहूनं विचारलं, "कोन लगाइस?" बाबांनी स्टिअरिंगच्या पेटीकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "मीच लावला असन. पेटी बसवताना धक्का लागला असन माझ्या हाताचा." त्यांनी वही मागवली. मीच आणून दिली. शेवटच्या पानावर त्यांनी लाल पेन्सिलीनं काहीतरी लिहिलं आणि वही मिटली. मी तोंड उघडलं. देवाशप्पथ उघडलं. आणि मी विचारलं, "चहा ठेवू का?"

त्याच दुपारी बाबा जाऊन आईला घेऊन आले. जीप फाटकात लोण्यासारखी वळली. आईनं गाठ सोडली, नारळ फोडला आणि खोबरं वाटताना सगळ्यात मोठा तुकडा मला दिला. सोमवारी मी सातच्या प्रॅक्टिकलला हजर होते. माझं वर्ष वाचलं, पुढं डिग्री झाली, तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. सगळं त्या जीपच्या जिवावर, असं घरात कौतुकानं सांगितलं जायचं.

पण बाबांनी त्यानंतर पाना हातात धरला नाही. पान्यांचा डबा त्याच रविवारी बिसाहूला देऊन टाकला. जीप त्यांनी कितीतरी वर्षं चालवली, पण बॉनेट उघडलं नाही. पंख्याचा एक स्क्रू ढिला झाला तरी मिस्त्री. सायकलची चेन उतरली तर हातात धरून घरी आणायचे. कुणी विचारलं तर सहज सांगायचे, "आपल्या हाताले जमत नाही," जसं कुणी म्हणावं आज ऊन आहे. मी चहा गाळता गाळता ते ऐकायची. दर वेळी सांगता आलं असतं. आधी कॉलेजची भीती होती, मग लाज, मग वाटायला लागलं की आता काय उकरायचं. असं करत करत बाबाच गेले. सगळ्या जगावर चिडायला मला वेळ होता, या एका वाक्याला नव्हता.

परवा आईची लोखंडी पेटी आवरताना ती वही सापडली. पानोपानी ती सुंदर चित्रं, अ, ब, क. तपासलेल्या गोष्टींची यादी, प्रत्येकीपुढं बरोबरची खूण. एका ओळीपुढं खूण नाही: "छोटा दांडा. पूजा झाली आहे, हात लावू नये." शेवटच्या पानावर दांड्याचं छोटंसं चित्र, त्यावर लाल रेघ आणि शेजारी बाबांचं इनिशल. मी वही घेऊन उठले. मग लाल पेन्सिल शोधली. या घरात आता पेन्सिलच मिळत नाही, सगळे मोबाईलवर लिहितात. शेवटी नातीच्या कंपासमध्ये एक सापडली, तिलाही टोक नाही. ब्लेडनं काढलं. बाबांच्या इनिशलवर आडवी रेघ मारली आणि शेजारी माझं घातलं. रेघ वाकडी आली. बाबांना ती चालली नसती.

नात मागे उभी होती. तिला मराठी सगळं समजतं, बोलते मात्र हिंदीच. म्हणाली, "नानी, ये क्या कर रहे हो? परनाना की कॉपी है, खराब हो जाएगी."

म्हटलं, "खराब नाही करून राहिली, बाई. दुसऱ्यानं मारलेलं चालत नाही."